किनवट-माहूरची दंडार

नांदेड जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात, किनवट-माहूरच्या गोंड पाड्यांवर, दिवाळीत दंडार रंगते. नट सारे गावचेच, शेतकरी आणि मजूर. ढोलाच्या तालावर नाच, गाणी, मधूनच विनोदी सोंगं. स्त्रीवेशही तरुणच घेतात. ‘घुसाडी’ मात्र निव्वळ सोंग नव्हे, ते व्रत आहे: डोक्यावर मोरपिसांचा भरगच्च टोप, अंगाला राख, आणि व्रत संपेपर्यंत आंघोळ नाही. दंडार पाहुणी म्हणून दुसऱ्या गावी जाते. तिचं जेवणखाण यजमान गाव पाहतं. सीमेपलीकडे तेलंगणातही हीच परंपरा आहे. तिथल्या मारलवाईचे घुसाडी कलावंत कनक राजू यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आपल्याकडच्या दंडारीलाही असा मान मिळायलाच हवा.