यंत्राची ऊब

कोंबडी खुडूक झाली की तिचे सारे वागणेच पालटते. ती अंडी घालण्याचे थांबवते, खुराड्याच्या एका कोपऱ्यात बसून राहते, आणि कोणी जवळ गेले तर पिसे फुलवून हाताला चोच मारते. तिच्या पोटाखालची पिसे झडलेली असतात. त्या उघड्या, उष्ण कातडीचा स्पर्श थेट अंड्यांना होतो. अशा वेळी घरातील जाणती स्त्री टोपलीत गवत पसरून तिच्याखाली दहा-बारा अंडी मांडते आणि दिवस मोजू लागते. एकविसाव्या दिवशी टोपलीतून चिवचिव ऐकू येते. या व्यवस्थेला वीज लागत नाही, तापमापक लागत नाही, आणि तिची बरोबरी कोणत्याही यंत्राला आजवर पूर्णपणे साधलेली नाही.

तरीही या व्यवस्थेला मर्यादा आहेत. कोंबडी आपल्या सवडीने खुडूक होते, पाळणाऱ्याच्या सवडीने नव्हे. उबवणीचे तीन आठवडे आणि त्यानंतर पिल्ले सांभाळण्याचे काही आठवडे ती अंडी देत नाही. अधिक अंडी देणाऱ्या सुधारित जातींत तर खुडूक होण्याची प्रवृत्तीच निवडीने जवळजवळ नाहीशी केली गेली आहे. बदकांच्या बाबतीत ही अडचण अधिकच जाणवते. भरपूर अंडी देणारी खाकी कॅम्पबेल ही जात अंड्यांवर क्वचितच बसते. त्यामुळे बदकांची अंडी कोंबडीखाली उबवण्याचा प्रघात आपल्याकडे जुनाच आहे. मात्र बदकाचे अंडे मोठे असल्याने एका कोंबडीखाली ती थोडीच मावतात. म्हणूनच दहा-वीस पक्षी पाळणाऱ्या कुटुंबालाही लहानसे उबवणी यंत्र उपयोगी वाटू लागते.

कृत्रिम उबवणीची कल्पना काही आजची नव्हे. प्राचीन इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या भट्ट्यांत, मंद आच ठेवून, हजारो अंडी उबवली जात. तेथे उकिरड्याच्या उबेत अंडी पुरून पिल्ले काढतात, असा उल्लेख ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटल यानेही केला आहे. या भट्ट्यांवर राबणारे कारागीर तापमापक वापरत नसत; अंडे पापणीला लावून ते ऊब ओळखत. पापणीची कातडी पातळ व संवेदनशील असते, त्यामुळे ही युक्ती वाटते तितकी भोळी नाही.

आजचे घरगुती यंत्र म्हणजे मूलतः एक बंद पेटी. थर्माकोल, लाकूड किंवा प्लॅस्टिक यांची ही पेटी असते. तीत उष्णतेसाठी तापणारी तार किंवा साधा बल्ब, तापमान ठरावीक ठेवणारा थर्मोस्टॅट, पाण्याचे पसरट भांडे आणि हवेसाठी काही छिद्रे एवढेच असते. बल्ब वापरायचा असेल तर तो जुन्या पद्धतीचा, तारेचा हवा. एलईडी दिवा प्रकाश देतो, पण पेटी तापवण्यापुरती उष्णता देत नाही. पेटीत छोटा पंखा असेल तर सर्व कोपऱ्यांत सारखी ऊब राहते व तापमान ३७.५ अंश सेल्सिअस ठेवावे लागते. पंखा नसेल तर गरम हवा वर साचते. अशा पेटीत अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर मोजलेले तापमान सुमारे ३८.५ अंश असावे. तापमापक अंड्यांपासून वीतभर उंच टांगला तर त्याचा आकडा कितीही अचूक असला तरी निरुपयोगी ठरतो.

स्वस्त यंत्रांबरोबर येणारा तापमापक पुष्कळदा एखाद-दुसऱ्या अंशाने चुकतो, आणि येथे तर एका अंशाचीही किंमत मोठी आहे. तो तपासण्याचा सोपा मार्ग घरातच असतो. ताप पाहण्याचा थर्मामीटर आणि यंत्राचा तापमापक कोमट पाण्यात एकत्र बुडवून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. एवढे कष्ट अंडी मांडण्यापूर्वीच घ्यावेत आणि यंत्र निदान एक दिवस रिकामे चालवून पाहावे.

अंडी कोणती मांडावीत, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. बाजारात मिळणारी पोल्ट्रीची अंडी नराविना ठेवलेल्या कोंबड्यांची असतात. ती फलित नसल्याने कितीही उबवली तरी त्यांतून काही निघत नाही. कळपात कोंबडा असलेल्या ठिकाणची, मध्यम आकाराची, तडा न गेलेली अंडी निवडावीत. ती सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत आणि जाड टोक वर करून थंड, सावलीच्या जागी ठेवलेली असावीत. घरातील फ्रिज त्यासाठी फार थंड पडतो. मळलेले अंडे धुण्याचा मोह टाळावा. कवचावर नैसर्गिक लेप असतो व त्याखाली हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. गार पाण्याने धुतल्यास तो लेप जातो आणि बाहेरचे जंतू आत ओढले जातात. बदके ओलसर जागी, चिखलातच अंडी घालतात, म्हणून त्यांची घरटी कोरडी ठेवणे आणि अंडी पहाटेच उचलणे हाच खरा उपाय होय.

अंडी यंत्रात ठेवली की पहिला बदल डोळ्यांना दिसत नाही. बलकावरील एका लहानशा ठिपक्यात पेशींचे विभाजन चालू असते. दुसरा दिवस संपून तिसरा सुरू होण्याच्या सुमारास हृदय धडधडू लागते. सातव्या दिवशी रात्री अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या जाड टोकाशी बॅटरीचा झोत धरला तर एक विलक्षण दृश्य दिसते: मध्यभागी एक काळसर ठिपका आणि त्याच्यापासून चहूकडे पसरलेल्या लाल शिरांचे कोळ्यासारखे जाळे. कधी कधी तो ठिपका किंचित हलतोही. ज्या अंड्यातून प्रकाश आरपार, स्वच्छ पिवळा येतो ते फलित नसते. ज्यात रक्ताचे केवळ एक कडे दिसते त्यातील गर्भ वाढता वाढता मेलेला असतो. अशी अंडी लगेच काढून टाकावीत. बदकाचे सडके अंडे यंत्रात फुटले तर त्याची दुर्गंधी तर पसरतेच, पण जंतू उडून शेजारची चांगली अंडीही हातची जातात.

कोंबडी बसल्या जागी दिवसातून अनेकदा चोचीने अंडी फिरवत असते. ही निव्वळ चाळवाचाळव नव्हे. गर्भ बलकाच्या वरच्या बाजूस तरंगतो. अंडे एकाच स्थितीत पडून राहिले तर तो कवचाच्या आतील पापुद्र्याला चिकटतो व मरतो. यंत्रात हे काम माणसाने करायचे असते. अंड्याच्या एका बाजूस पेन्सिलीने फुली व दुसऱ्या बाजूस गोल काढून दिवसातून तीन किंवा पाच वेळा बाजू पालटावी. संख्या विषम ठेवण्याचे कारण असे की, लांबलचक रात्रीची विश्रांती दररोज एकाच बाजूवर होऊ नये. कोंबडीची अंडी अठराव्या आणि बदकाची पंचविसाव्या दिवसापासून फिरवणे थांबवावे. तोपर्यंत पिल्लू बाहेर येण्यासाठी आपली जागा घेऊ लागलेले असते.

आर्द्रतेच्या बाबतीत नवशिक्या पाळणाऱ्यांचा सर्वाधिक गोंधळ होतो. अंड्यातील पाणी कवचाच्या छिद्रांवाटे हळूहळू उडून जाते आणि जाड टोकाशी असलेली हवेची पोकळी वाढत जाते. पहिल्या अठरा दिवसांत कोंबडीच्या अंड्याचे वजन साधारण १२ टक्क्यांनी घटावे लागते. म्हणजे ५५ ग्रॅमचे अंडे ४८ ग्रॅमच्या आसपास यावे. हवा फार कोरडी असेल तर पिल्लू आतच वाळून पापुद्र्याला चिकटते. हवा फार दमट असेल तर पोकळी लहान राहते, आणि पहिला श्वास घेण्याच्या वेळी पिल्लू अंड्यातील पाण्यातच गुदमरते. म्हणून सुरुवातीस आर्द्रता ५० ते ५५ टक्के व शेवटच्या तीन दिवसांत ६५ ते ७० टक्के ठेवतात. बदकाच्या अंड्यांना दोन्ही टप्प्यांत ती थोडी अधिक लागते.

मात्र पाण्याचे भांडे किती भरावे याचे उत्तर देशभर एकच असू शकत नाही. हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. पावसाळ्यात कोकणात बाहेर ३० अंश तापमान व ८० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा पेटीत ३७.५ अंशांवर गेल्यावर सुमारे ५३ टक्क्यांवर येते. तेव्हा भांडे रिकामे असले तरी चालते. याउलट दिल्लीच्या हिवाळ्यात १५ अंशांवरची ६० टक्के आर्द्रतेची हवा पेटीत शिरली की जेमतेम १६ टक्के उरते. तेथे भांडे भरलेले हवेच, शिवाय ओल्या स्पंजचीही जोड द्यावी लागते. छापील पत्रकातील सूचनेपेक्षा वजनकाटा अधिक विश्वासू असतो. दर आठवड्यास चार-पाच अंडी तोलून पाहिली की पाणी वाढवावे की कमी करावे हे आपोआप कळते.

वीज गेली तर काय, ही धास्ती प्रत्येक यंत्रधारकास असते. येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: गर्भ थंडी बऱ्याच अंशी सोसतो, उष्णता मात्र सोसत नाही. तीन-चार तास तापमान ३२ अंशांपर्यंत उतरले तर वाढ मंदावते, एवढेच. पण अर्धा तासही ते ४०.५ अंशांवर गेले तर गंभीर हानी होते. कोंबडीदेखील रोज दाणापाण्यासाठी काही वेळ उठतेच. म्हणून वीज जाताच घाबरून पेटीत निखारे किंवा उकळते पाणी ठेवण्यापेक्षा पेटीवर गोधडी पांघरावी आणि झाकण उघडू नये. हवेची छिद्रे मात्र फार काळ बुजवू नयेत. अखेरच्या आठवड्यात गर्भ स्वतःच उष्णता निर्माण करतात व त्यांना प्राणवायूही अधिक लागतो.

कोंबडी आणि बदक यांची अंडी एकाच पेटीत उबवायची असतील तर हिशेब सोपा आहे. बदकाच्या अंड्यांना २८ दिवस लागतात, कोंबडीच्या अंड्यांना २१. बदकाची अंडी आधी मांडून बरोबर सात दिवसांनी कोंबडीची मांडली तर फिरवणे थांबवण्याचा दिवस आणि पिल्ले निघण्याचा दिवस दोन्हींसाठी एकच येतो. केवळ मस्कोव्ही बदकाला हा हिशेब लागू पडत नाही. त्याला सुमारे ३५ दिवस लागतात.

विसाव्या दिवशी अंडे कानाशी धरले तर आतून बारीक आवाज ऐकू येतो. पिल्लाने चोचीने आतला पापुद्रा फोडलेला असतो आणि ते हवेच्या पोकळीतील हवा फुप्फुसांत घेत असते. मग चोचीच्या टोकावरील कठीण दाण्याने ते कवचाला पहिला तडा पाडते. त्यानंतर बराच वेळ काहीच घडत नाही, आणि पाहणाऱ्याची खरी कसोटी येथेच लागते. कोंबडीच्या पिल्लाला या तड्यापासून बाहेर येण्यास बारा-अठरा तास, तर बदकाच्या पिल्लाला चोवीस ते अठ्ठेचाळीस तासही लागू शकतात. पिल्लू अडकले असे समजून दयाळू माणूस कवच सोलू लागतो, आणि बहुधा त्या दयेनेच पिल्लू दगावते. कारण त्या निश्चल तासांत कवचाच्या आतील पापुद्र्यावर पसरलेल्या शिरांतील रक्त पिल्लाच्या शरीरात परतत असते आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. शिरा भरलेल्या असताना पापुद्रा फाडला तर रक्तस्राव होतो. वारंवार झाकण उघडण्यानेही तेच घडते, फक्त निराळ्या वाटेने: दमट हवा निसटते, पापुद्रा वाळून कातड्यासारखा कडक होतो आणि तडा पाडलेली इतर पिल्ले त्यात जखडली जातात.

पोटात गेलेला हा बलक म्हणजे पिल्लाची शिदोरीच. तिच्यावर ते दोन दिवस अन्नपाण्यावाचून तग धरते. एक दिवसाची पिल्ले खोक्यांत घालून दूरच्या गावी पाठवता येतात ती यामुळेच. म्हणून ओले पिल्लू लगेच बाहेर न काढता ते वाळून कापसासारखे फुलेपर्यंत यंत्रातच राहू द्यावे.

पुढे आईच्या पंखांची जागाही उष्णतेलाच घ्यावी लागते. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश तापमान ठेवून दर आठवड्यास ते सुमारे तीन अंशांनी उतरवतात. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली तर त्यांना थंडी वाजते आहे, आणि कडेला पांगून धापा टाकू लागली तर उकडते आहे, असे समजावे. मानमोडी म्हणजेच राणीखेत रोगाची लस पहिल्या आठवड्याच्या सुमारास पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने द्यावी. एवढ्या कष्टाने काढलेला सबंध कळप हा रोग दोन-चार दिवसांत संपवू शकतो.

बदकाच्या पिल्लांची गोष्ट थोडी वेगळी असते. जन्मल्यानंतर जे हलताना प्रथम दिसते त्यालाच ती आई मानतात. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी यंत्रात उबवलेली हंसजातीची पिल्ले त्यांच्याच मागे रांगेने चालत असत. प्राण्यांच्या वर्तनाच्या अशा अभ्यासासाठी त्यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. घरच्या यंत्रातील पिल्लेही अशीच घरातल्या माणसांच्या पायांत घुटमळतात. पाणी दिसले की ती धाव घेतात, पण पंखाखाली घेऊन ऊब देणारी आई नसलेली ही पिल्ले भिजली की लवकर गारठतात. पहिले काही आठवडे त्यांना चोच बुडेल एवढ्याच खोलीचे पाणी द्यावे आणि अंगावर पिसे आल्यावरच तळ्यात सोडावे.