जड स्टिअरिंग आणि न सापडणारी ऑइलची डबी

रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात बॉनेट उघडून दोन-तीन जण आत वाकलेले असतात. गाडी वॅगनआर. तक्रार एवढीच की कालपासून स्टिअरिंग जड झाले आहे. शेजाऱ्यांचे निदानही झालेले असते: "पॉवर स्टिअरिंगचे ऑइल संपले असेल, टाकून घ्या." ऑइलची डबी मात्र काही केल्या सापडत नाही. सापडणार कशी? या गाडीत ती नसतेच.

स्टिअरिंग जड म्हणजे ऑइल कमी, हा समज जुन्या गाड्यांनी रुजवला आणि त्या काळी तो बराचसा खराही होता. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप ऑइलचा दाब तयार करतो आणि तो दाब चाके वळवायला हातभार लावतो. क्रायस्लरने 1951 मध्ये इम्पीरियल या मोटारीत ही सोय दिली, तेव्हापासून ती जगभर पसरली. बोलेरो किंवा इनोव्हा क्रिस्टासारख्या दणकट गाड्यांत हीच रचना दिसते. पण 1988 मध्ये सुझुकीने जपानमध्ये सर्व्हो या छोट्या गाडीला विजेच्या मोटारवर चालणारे स्टिअरिंग बसवले आणि आज आपल्याकडच्या ऑल्टो, टियागो, आय20 अशा बहुतेक छोट्या गाड्यांत हातभार लावते ती वीज. तेव्हा पहिला प्रश्न गाडीत स्टिअरिंग कोणत्या जातीचे आहे, हा.

विजेवरच्या स्टिअरिंगची भूक मोठी असते. दोन्ही हेडलाइट मिळून साधारण 10 अँपिअर वीज घेतात. पार्किंगमध्ये जागच्या जागी चाके वळवताना स्टिअरिंगची मोटार क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढते. बॅटरी थकलेली असेल, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल किंवा अल्टरनेटर नीट चार्ज करत नसेल, तर कंट्रोल युनिट मदत कमी करते किंवा बंदच करते आणि डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागतो. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. मल्टिमीटरने ते पाहायला दोन मिनिटे लागतात. हे न पाहता अख्खी स्टिअरिंग असेंब्ली बदलायला सांगणाऱ्याकडे गाडी सोडू नये.

अरुंद जागेत चार-पाच वेळा पुढेमागे करून गाडी लावली की स्टिअरिंग जड होते आणि दहा मिनिटांनी आपोआप हलके होते, असाही अनुभव येतो. तो बिघाडच असतो असे नाही. तापलेल्या मोटारला वाचवण्यासाठी कंट्रोल युनिट तिला आवरते घेते.

जड स्टिअरिंगवर दुसरा हुकमी सल्ला म्हणजे अलाइनमेंट-बॅलन्सिंग. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेने झिजत असतील तर अलाइनमेंट हवेच, आणि वेगात स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंगही. पण जडपणावर हा उतारा क्वचितच लागू पडतो. त्याआधी पुढच्या टायरांमधली हवा पाहावी. हवेचा योग्य आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावरील स्टिकरवर छापलेला असतो आणि तो थंड टायरसाठी असतो. दिसायला रुबाबदार म्हणून कंपनीच्या मापापेक्षा रुंद टायर घातले असतील, तर जडपणाचे कारण डोळ्यांसमोरच आहे.

आता खरी परीक्षा. सपाट जागेवर पुढची दोन्ही चाके जॅकवर घेऊन खाली स्टँड लावायचे, इंजिन बंद ठेवायचे, किल्ली फिरवून स्टिअरिंगचे लॉक सोडायचे आणि हाताने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचे. चाके अधांतरी असताना ते सहज फिरले, तर संशय टायर आणि पॉवर यांच्यावर. तिथेही ते जड लागले, तर कुठेतरी काहीतरी अडकते आहे. मग चांगला मेकॅनिक टायरॉडची टोके सोडवून पाहतो: तरीही स्टिअरिंग जडच राहिले तर दोष रॅकमध्ये किंवा कॉलममध्ये, आणि चाकच हाताने वळेना झाले तर बॉल जॉइंटमध्ये किंवा शॉकॲबच्या वरच्या बेरिंगमध्ये. एका फेरीत दोनदा घट्ट, दोनदा सैल असा ताल हाताला जाणवला, तर बहुधा कॉलमच्या खालचा क्रॉस जॉइंट गंजला आहे. कोकणातल्या पावसात भिजणाऱ्या गाड्यांच्या मालकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. शॉकॲबच्या वरचे बेरिंग जाम झाले असेल, तर दुसऱ्याने स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंगवर नुसता तळवा टेकवला तरी कळते: स्प्रिंग सरळ न फिरता अडते आणि 'टक्' करून सुटते. अशा गाडीचे स्टिअरिंग वळणानंतर आपणहून मधोमध परतत नाही.

ऑइलच्या गाडीत ऑइल कमी झाले असेल, तर ते भरून भागत नाही. ही बंद रचना आहे, ऑइल जळत नाही. कमी झाले म्हणजे कुठेतरी गळले. रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट दाबून पाहावेत. आत ऑइल डचमळले तर रॅकचे सील गेले. शिवाय 'कोणतेही ऑइल चालते' हेही खरे नाही. काही कंपन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल, म्हणजे एटीएफ, सांगतात, काही स्वतःचे वेगळे द्रव; चुकीच्या ऑइलने सील फुगतात किंवा कडक होतात.

सर्वांत धोकादायक गैरसमज घाटातला आहे. उतारावर इंजिन बंद केले की पेट्रोल वाचते, असे मानणारे आजही कमी नाहीत. इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंधन आपोआप तोडतात, त्यामुळे वाचत काहीच नाही. उलट स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हींची मदत जाते. इंजिन अचानक बंद पडलेच, तरी घाबरू नये. स्टिअरिंग आणि चाकांचा लोखंडी सांधा शाबूत असतो, त्यामुळे दोन्ही हातांनी जोर लावला की गाडी वळते. ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन वेळा पुरेल इतका व्हॅक्यूम उरलेला असतो, म्हणून ब्रेक पंप करत न बसता एकदाच घट्ट दाबून धरायचा आणि गाडी कडेला घ्यायची. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली मात्र काढायची नाही, कारण ती काढली की स्टिअरिंगला लॉक बसते.