बुद्धीची गोळी आणि तिची किंमत

बुद्धि वाढविणारें औषध सांपडावें, ही मनुष्याची इच्छा फार जुनी आहे. आपल्या घरांतूनच पाहा ना. तान्ह्या मुलाच्या घुटींत वेखंड उगाळावयाचें, तें शाळेंत जाऊं लागलें कीं ब्राह्मीचें तूप नि भिजविलेले बदाम द्यावयाचे, हा प्रघात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यानें बुद्धि वाढते कीं नाहीं हा वाद तूर्त बाजूस ठेवूं. निदान मुलाची झोप तरी त्यामुळें उडत नाहीं. आज ज्या औषधांविषयीं मी आपणांशीं बोलणार आहें, त्यांचा व्यवहार मात्र झोपेशींच आहे.

सन १८८७ मध्यें बर्लिन येथें लाझार एदेल्यानू या रुमानियन रसायनशास्त्रज्ञानें अँफेटामाइन हें द्रव्य प्रथम तयार केलें. पुढें सुमारें ४० वर्षें त्याचा उपयोग कोणाच्या ध्यानांत आला नाहीं. अमेरिकेंत गॉर्डन ॲलेस हा संशोधक दम्यावरील औषधाला स्वस्त पर्याय शोधीत होता. १९२९ च्या जून महिन्यांत त्यानें तें द्रव्य स्वतःलाच टोचून घेतलें. नाक मोकळें झालें, मन उल्हसित झालें, संध्याकाळच्या मेजवानींत आपण मोठें चतुर बोलत आहों असें त्याला वाटलें. आणि रात्रीं मात्र नीट झोप लागली नाहीं. पुढचा सारा इतिहास या एका रात्रींत बीजरूपानें आहे, असें म्हटलें तरी चालेल.

हें घडतें कसें? आपल्या मेंदूंतील पेशी कांहीं रसायनांच्या द्वारें परस्परांस निरोप पोंचवितात. त्यांपैकीं डोपामिन आणि नॉरॲड्रिनॅलिन हीं दोन या औषधामुळें पेशींबाहेर अधिक प्रमाणांत लोटलीं जातात. मग थकवा जाणवेनासा होतो, कंटाळवाणें कामही रुचूं लागतें. परंतु थकवा जाणवला नाहीं म्हणजे तो नाहींसा झाला असें नव्हे. शिवाय दिवसां शिकलेलें मेंदूंत पक्कें बसण्यास झोपेचें मोठें साह्य असतें. म्हणजे ज्या रात्रीं विद्यार्थी गोळी घेऊन पाठांतर करतो, त्याच रात्रीं तें पाठांतर टिकविण्याचें साधन तो गमावून बसतो! अमेरिकन विद्यार्थ्यांना हें कोण सांगणार? बेंझेड्रीन या नांवाखालीं विकल्या जाणाऱ्या या औषधाचे प्रयोग १९३७ च्या सुमारास मिनेसोटा विद्यापीठांत चालले होते. विद्यार्थ्यांनीं त्यांतून आपल्या सोयीचा तेवढा बोध घेतला आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीं त्या गोळ्या वापरांत आल्या.

याच कुळांतलें, पण अधिक उग्र असें द्रव्य म्हणजे मेथँफेटामाइन. तें १८९३ सालीं नागाई नागायोशी या जपानी शास्त्रज्ञानें तयार केलें होतें, आणि त्याची भयंकर किंमत पुढें जपानलाच मोजावी लागली. १९४१ पासून तें ‘फिलोपोन’ म्हणून विकलें जाऊं लागलें. श्रमाची आवड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हें नांव आलें. युद्धकाळांत तें वैमानिकांना दिलें, रात्रपाळीच्या कामगारांना दिलें. ज्यांना द्यावयाचें त्यांची इच्छा विचारण्याचा तो काळ नव्हता. युद्ध संपल्यावर शिल्लक साठे बाजारांत आले. ते कारखान्यांतच राहिले नाहींत. लेखकांच्या टेबलांवरही पोंचले. साकागुची आंगो हा त्या काळचा नामवंत लेखक. रात्रीं लिहिण्यासाठीं फिलोपोन आणि मग झोप येण्यासाठीं दुसरें औषध, असा त्याचा क्रम. १९४९ सालीं त्याला टोकियोंत रुग्णालयांत ठेवावें लागलें. या व्यसनांत पुढें पुढें संशय बळावतो, नसलेले आवाज ऐकूं येतात, वेड लागल्यासारखी अवस्था होते. १९५१ सालीं जपाननें कडक कायदा केला. तरी १९५४ या एका वर्षांत ५५ हजारांहून अधिक लोकांना अटक झाली. आपल्याकडेही १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें या द्रव्यांवर निर्बंध आहेत.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. १९३७ सालीं चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरानें वर्तनाच्या तक्रारी असलेल्या ३० मुलांना बेंझेड्रीन दिलें, तेव्हां जवळजवळ निम्म्या मुलांची अभ्यासांत स्पष्ट प्रगति दिसली. अवधान स्थिर न राहण्याचा विकार असलेल्यांना या जातीचीं औषधें आजही डॉक्टरांच्या देखरेखीखालीं दिलीं जातात, आणि त्यांत गैर कांहींच नाहीं. प्रश्न आहे तो निरोग्यांचा.

त्यांच्यापुरतें उत्तर अलीकडील प्रयोगांनीं बरेंच स्पष्ट केलें आहे. मेलबर्न येथील संशोधकांनीं २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ४० निरोगी तरुण होते. ठराविक वजनच मावेल अशा पिशवींत कोणत्या वस्तु भरल्या असतां एकूण किंमत जास्तींत जास्त होईल, हें त्यांनीं शोधावयाचें होतें. औषध घेतल्यावर त्यांनीं वेळ अधिक घालविला, उचल-ठेव अधिक केली. पण पिशवींतल्या मालाची किंमत घटली. औषधावांचून जे सरासरीहून सरस होते, ते औषधानें पुष्कळदां सरासरीच्याही खालीं उतरले. पेनसिल्व्हानिया विद्यापीठांतील २०१३ च्या प्रयोगांत ४६ निरोगी तरुणांच्या कामांत अँफेटामाइननें फारसा फरक पडला नाहीं. आपलें काम सुधारलें असें मात्र त्यांना वाटत होतें. ॲलेसची ती मेजवानी आठवावी!

यावर कोणी पॉल एर्दोशचें उदाहरण पुढें करतात. हा हंगेरियन गणिती अखेरच्या २५ वर्षांत रोज या जातीच्या गोळ्या घेई आणि अखंड गणित करी. १९७९ सालीं त्याचा मित्र रोनाल्ड ग्रॅहॅम यानें ५०० डॉलरची पैज लावली, कीं महिनाभर गोळीवांचून राहून दाखीव. एर्दोश राहिला. मात्र कोऱ्या कागदापुढें बसलें तरी कांहीं सुचत नाहीं, आणि या पैजेनें गणित एक महिना मागें पडलें, अशी त्याची तक्रार होती. पण एर्दोशनें गोळ्या घेण्यास आरंभ केला तो १९७१ सालीं आई वारल्यानंतर, वयाच्या ५८ व्या वर्षीं. कोणत्याही संख्येच्या आणि तिच्या दुपटीच्या दरम्यान एक तरी मूळ संख्या असतेच, या सिद्धान्ताची सुंदर उपपत्ति त्यानें १९३२ मध्यें प्रसिद्ध केली, तेव्हां तो विशीही न ओलांडलेला विद्यार्थी होता. त्या बुद्धीला गोळी लागली नव्हती. १९७९ मध्यें त्याच बुद्धीला गोळीवांचून एक महिना निघेना. महिना भरला, पैज जिंकली, आणि त्यानें गोळ्या पुन्हां सुरू केल्या.