साल सोललेले झाड उशिरा का मरते?

दुकानाची पाटी झाकणारे किंवा बांधकामाच्या आड येणारे झाड कुऱ्हाड न लावता संपविण्याची एक जुनी युक्ती आहे. बुंध्याभोवतीची वीतभर साल गोलाकार सोलून काढायची आणि वाट पाहायची. पाने काही आठवडे, प्रसंगी अनेक महिने हिरवीच राहतात. झाड वाळू लागते तेव्हा साल कोणी काढली, याचा शोध घ्यायला बहुधा उशीर झालेला असतो.

या विलंबाचे कारण झाडातील वाहतुकीच्या दोन स्वतंत्र व्यवस्थांत आहे. मुळांनी शोषलेले पाणी लाकडातील जलवाहिन्यांतून वर चढते. पानांत तयार झालेली साखर मात्र रसवाहिन्यांतून, म्हणजे शास्त्रीय परिभाषेतील 'परिकाष्ठा'तून, मुळे, कोंब आणि फळांकडे जाते. परिकाष्ठ हा सालीचाच आतला थर. साल निघाली की मुळांचा अन्नपुरवठा तुटतो, पण लाकूड शाबूत असल्याने पानांना पाणी मिळत राहते. साठविलेल्या स्टार्चवर मुळे काही काळ तग धरतात. तो संपला की आधी मुळे मरतात आणि मग पाने. इटलीच्या मार्सेल्लो माल्पिघी यांनी सतराव्या शतकातच साल काढून पाहिली होती. छेदाच्या वरची बाजू फुगते, असे त्यांना आढळले.

जलवाहिन्या मृत पेशींच्या असतात, तर अन्न वाहणाऱ्या चाळणी-नलिका जिवंत. त्यांच्या आडव्या भिंतींना चाळणीसारखी छिद्रे असतात. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर हार्टिग यांनी १८३७ मध्ये त्यांचे वर्णन केले. गंमत अशी, की पूर्ण वाढलेल्या चाळणी-पेशीत केंद्रकच नसते. तिचा संसार शेजारची सहपेशी सांभाळते.

रस वाहतो तो दाबाने. पानाजवळ नलिकेत साखर भरली जाते, तिच्यामागोमाग जलवाहिन्यांतील पाणी आत शिरते आणि दाब वाढतो. जेथे साखर वापरली जाते तेथे तो कमी होतो. जर्मनीच्याच अर्न्स्ट म्युंख यांनी १९३० मध्ये मांडलेली ही उपपत्ती आजही सर्वाधिक मान्य आहे. मावा कीड या नलिकेत सोंड खुपसते तेव्हा तिला रस ओढून घ्यावा लागत नाही. किडीला सोंडेपासून कापून वेगळे केले तरी सोंडेतून रस पाझरतच राहतो. माडाच्या पोयीला छेद देऊन मिळणारी नीरा हाही परिकाष्ठातीलच रस.

द्राक्ष बागायतदार याच तत्त्वाचा उपयोग करतात. फळधारणेनंतर सालीची काही मिलिमीटर रुंदीची कडी काढली की साखर खाली न उतरता मण्यांना मिळते आणि मणी फुगतात. या पद्धतीला 'गर्डलिंग' म्हणतात. अरुंद जखम काही आठवड्यांत भरून येते. वीतभर रुंद जखम भरत नाही.

बुंध्यात रुतलेली तार किंवा लोखंडी जाळीही तेच काम सावकाश करते. महाराष्ट्रातील नागरी भागासाठीच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात झाड 'तोडणे' या संज्ञेत त्याला इजा पोहोचविणेही समाविष्ट आहे. साल गेलेल्या झाडावर उपाय नाही, असेही नाही. जखमेच्या वरच्या आणि खालच्या सालीत त्याच जातीच्या काड्या पुलासारख्या बसवून कलम केले, तर अन्नाचा मार्ग पुन्हा जुळू शकतो. मात्र हे मुळांतील साठा संपण्यापूर्वी, पाने हिरवी असतानाच करावे लागते.