पेटंटच्या कचाट्यातून जन्मलेली काडतुसे

एकोणिसाव्या शतकातील रिव्हॉल्व्हरची काडतुसे जमविणाऱ्यांना काही प्रकार सहसा हाती लागत नाहीत. या दुर्मिळतेचे मूळ रणांगणात नव्हे, तर अमेरिकेतील एका पेटंटमध्ये आहे.

रोलिन व्हाइट यांना १८५५ मध्ये आरपार छिद्रे असलेल्या सिलिंडरचे पेटंट मिळाले. त्याचा हक्क घेऊन स्मिथ अँड वेसन कंपनीने १८५७ मध्ये मागून काडतूस भरण्याचे .२२ बोअरचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. व्हाइट यांना प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागे २५ सेंट मिळत. अन्य उत्पादकांना मात्र ही वाट बंद झाली.

त्यावर काहींनी सिलिंडरच्या पुढून भरता येणारी काडतुसे काढली. मूर कंपनीच्या .३२ बोअरच्या काडतुसाच्या बुडाला बोंडासारखा फुगवटा असे. सिलिंडरच्या मागील बारीक छिद्रातून डोकावणाऱ्या या बोंडावर रिव्हॉल्व्हरचा घोडा आदळला की आतील स्फोटक पेट घेई. प्लांट कंपनीच्या काडतुसाचे बूड वाटीसारखे खोलगट होते. १८६९ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि अशा युक्त्यांचे प्रयोजनच उरले नाही. अल्पायुषी ठरल्यामुळेच ही काडतुसे आज दुर्मिळ आहेत.

बुडाची घडण शाबूत असलेल्या आणि मूळ खोक्यासह मिळालेल्या काडतुसाला संग्राहक अधिक मोल देतात. घासूनपुसून चकाकी आणल्यास मात्र काळाच्या खुणा नाहीशा होतात. शिवाय, दीड शतक लोटले तरी आतील दारू निकामी झाली असेलच, असे नाही. त्यामुळे असे काडतूस उघडणे, ठोकणे वा तापविणे जिवावर बेतू शकते.