मॉटेलच्या खोलीबाहेरची मारिया

'पल्प फिक्शन' पाहिलेल्यांना तिचा चेहरा आठवतो, नाव सांगता येत नाही. मॉटेलच्या खोलीत ब्रूस विलिसशी लाडेलाडे बोलणारी आणि त्याच्या वडिलांचं घड्याळ घरीच विसरून आलेली फॅबियन म्हणजे मारिया द मेदेइरोश. ते घड्याळ आणायला तो परत जातो आणि पुढचा सगळा अनर्थ ओढवतो. १९९४ मध्ये या चित्रपटाने कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक जिंकलं. त्याच वर्षी व्हेनिसमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा वोल्पी करंडक मारियाला मिळाला, तो मात्र तेरेसा व्हिलावेर्दे यांच्या 'त्रेश इर्मांउश'साठी. लिस्बनमधल्या विस्कटलेल्या घरातली, दोन भावांची बहीण तिने त्यात उभी केली होती. जगाने लक्षात ठेवली ती फॅबियन!

मारियाचा जन्म १९६५ चा, लिस्बनचा. वडील आंतोनियो व्हितोरिनो द आल्मेदा नामवंत संगीतकार. बालपण गेलं व्हिएन्नात. झुआंव सेझार मोंतैरो यांच्या 'सिल्व्हेश्त्रे'मध्ये (१९८१) ती पहिल्यांदा पडद्यावर आली. लोककथांवर बेतलेल्या या चित्रपटात ती पुरुषवेषातली सैनिक झाली, तीही ऐन किशोरवयात. पुढे तिने पॅरिसमध्ये नाट्यशिक्षण घेतलं. फिलिप कॉफमनच्या 'हेन्री अँड जून'मधली (१९९०) लेखिका अनाइस निन तिला हॉलिवूडपर्यंत घेऊन गेली. अमेरिकेत नव्याने आलेलं 'एनसी-१७' हे केवळ प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळवणारा हा पहिला चित्रपट. त्यात तिच्यासोबत असलेली उमा थर्मन 'पल्प फिक्शन'मध्येही होती, पण तिथे दोघींचा एकत्र प्रसंग नाही.

एवढ्या यशानंतर हॉलिवूडमध्ये बस्तान बसवणं स्वाभाविक ठरलं असतं. मारिया युरोपातच रमली आणि २००० मध्ये दिग्दर्शक म्हणून 'कापितांइश द आब्रिल' घेऊन आली. विषय होता २५ एप्रिल १९७४ चा. आफ्रिकेतल्या वसाहतींमधल्या न संपणाऱ्या युद्धांना विटलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी त्या दिवशी पोर्तुगालमधली जवळपास अर्ध्या शतकाची हुकूमशाही उलथवली. रेडिओवर लागलेलं एक गाणं हाच त्यांचा इशारा होता. सांतारेंहून लिस्बनवर चाल करून आलेले कॅप्टन साल्गैरो माइया हे चित्रपटाचं केंद्र. स्वतः मारियानेही त्यात भूमिका केली.

मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटू नये. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी लिस्बनच्या हुकूमशाहीने ते वास्तव कधी मान्य केलं नाही. या क्रांतीनंतरच, डिसेंबर १९७४ च्या कराराने, पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं.

पुढेही तिची वाट एकाच देशातून गेली नाही. गाय मॅडिनचा कॅनडियन चित्रपट, मार्जान सत्रापींचा 'चिकन विथ प्लम्स', आबेल फेरारांच्या 'पासोलिनी'तली अभिनेत्री लाउरा बेत्ती अशी कामं तिने केली. ती ब्राझिलियन गाणी गायली आणि ब्राझीलच्या लष्करी राजवटीची झळ सोसलेल्या कुटुंबावर तिने 'रेपारे बेंय' हा माहितीपटही केला. २००८ मध्ये युनेस्कोने तिला 'शांतिदूत कलाकार' म्हणून निवडलं.

हुकूमशाहीच्या काळात माणसांनी काय सोसलं, हे विसरू द्यायचं नाही, असा एक धागा तिच्या दिग्दर्शनात सलग दिसतो. म्हणून तिची थोरवी जोखायची, तर फॅबियनऐवजी 'कापितांइश द आब्रिल'पासून सुरुवात करावी.