मोरीला काटे का नसतात?

मालवणी घरात मोरीचं कालवण असलं की लहान मुलांनाही निर्धास्त वाढतात. टोचणारे काटे नाहीत, मधला कणा दाताखाली कुरकुर मोडतो. मोरी म्हणजे शार्क, आणि तिचा सांगाडा हाडाचा नसून कूर्चेचा असतो. नाकाचा शेंडा चिमटीत धरून बघा, तिथे आपल्यालाही कूर्चाच लागते.

आईच्या पोटात आपला बहुतेक सांगाडाही आधी कूर्चेचाच घडतो. मग त्यात रक्तवाहिन्या शिरतात, कूर्चा विरत जाते आणि तिची जागा हाड घेतं. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची पट्टी शिल्लक असते, तोवर आपली उंची वाढते.

म्हणून शार्क म्हणजे हाड येण्याआधीचा जुना नमुना, असं बराच काळ मानलं जाई. पण मंगोलियात ‘मिंजिनिया’ या शार्कच्या पूर्वजांच्या जवळच्या, सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या माशाची कवटी सापडली. तिच्या आत चक्क आपल्यासारखं जाळीदार हाड होतं! हे संशोधन २०२० साली प्रसिद्ध झालं. म्हणजे शार्कच्या पूर्वजांकडेही असं हाड असावं आणि पुढे ते गेलं असावं.

तेव्हा शार्कला मागासलेला मासा म्हणू नका. कूर्चेचा हलका सांगाडा घेऊन तो कोट्यवधी वर्षं समुद्रात टिकला आहे.